कॉम्प्युटरमधला पोटभाडेकरू

मुलुंड पूर्वेला आमच्याच मजल्यावर राहणारे काका सोसायटीचे खजिनदार आहेत. हॉलच्या कोपऱ्यात त्यांचा डेस्कटॉप, त्यावर काकूंनी विणलेलं झाकण, आणि आत सोसायटीचे अकरा वर्षांचे हिशेब, शेअर्सचं खातं, नातीचे फोटो. गेल्या पावसाळ्यात हे यंत्र बिघडल्यासारखं नव्हे, बहकल्यासारखं वागू लागलं. क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलत्याच कुठल्या तरी सर्चचं पान. घरात सगळे झोपलेले असताना पंखा घरघरायचा. आणि एका सकाळी काकांच्या ईमेलवरून चाळीस सभासदांना ‘बिल पाहा’ म्हणून एक झिप फाइल गेली. काकांनी ती पाठवलीच नव्हती.

स्टेशनजवळच्या दुकानदारानं यंत्राकडे नीट पाहिलंही नाही. “काका, फॉरमॅट मारू या. पाचशे रुपये, संध्याकाळी घेऊन जा.” हिशेबांचं काय, असं काकांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, “ते जाणार.” काकांनी यंत्र उचललं आणि रिक्षात घालून परत आणलं.

ते स्वच्छ करायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या संध्याकाळी विंडोजच्या डिफेंडरनं तपासणी करून हिरवी खूण दाखवली : धोका नाही. डिफेंडर खोटं बोलत नव्हता, आणि तरी हेर आतच होता. हे कसं, ते ओघात येईलच.

हेर म्हणजे नेमकं कोण

स्पायवेअर म्हणजे तुमच्या नकळत यंत्रात राहून तुमची माहिती बाहेर पाठवणारा प्रोग्राम. जुने व्हायरस फाइली खायचे, पडद्यावर चेंडू उडवायचे, आपण आल्याची वर्दी द्यायचे. स्पायवेअरला यंत्र धडधाकट हवं असतं. ज्या खोलीत पोटभाडेकरू गुपचूप राहतो ती इमारत पडून त्याला चालत नाही.

त्याच्या जाती बऱ्याच. ब्राउझरचं पहिलं पान आणि सर्च पळवून जाहिराती दाखवणारा हा सगळ्यात उथळ, आणि दिसतो म्हणून त्यातल्या त्यात बरा. की-लॉगर तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपतो. तिसरा इन्फोस्टीलर. सध्या सगळ्यात वाईट हाच. तो ठाण मांडत नाही. काही मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे आकडे आणि कुकीज गोळा करून बाहेर धाडतो, आणि पुष्कळदा स्वतःला पुसूनही टाकतो. कुकी म्हणजे लॉगिन झाल्यावर वेबसाइट ब्राउझरला देते ते टोकन. ते टोकन चोराच्या हाती पडलं की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. ‘लुमा’ नावाचा असाच एक इन्फोस्टीलर मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनं आणि अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून मोडून काढला. तेव्हा मायक्रोसॉफ्टनं दिलेला आकडा होता १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरातले ३ लाख ९४ हजारांहून अधिक बाधित विंडोज कॉम्प्युटर.

चौथा प्रकार दुरून यंत्र ताब्यात घेणारा. महाराष्ट्रात त्याची सर्वांत मोठी चर्चा झाली ती भीमा कोरेगाव प्रकरणात. आरोपी रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या कॉम्प्युटरच्या डिजिटल प्रती तपासून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं २०२१मध्ये अहवाल दिले. ‘नेटवायर’ नावाच्या प्रोग्रामातून ही यंत्रं दीर्घकाळ कुणाच्या तरी ताब्यात होती आणि त्यांत फाइली आणून ठेवल्या गेल्या, असं त्या अहवालांत म्हटलं आहे. विल्सन यांच्याबाबत हा काळ २२ महिन्यांचा सांगितला आहे. तपासयंत्रणेनं हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. त्या वादाचा निवाडा कोर्ट करील. घरगुती वापरणाऱ्यानं त्यातून एवढंच टिपून ठेवावं की नेटवायर काही कुठल्या सरकारच्या तिजोरीतलं दुर्मिळ हत्यार नव्हतं. ते वेबसाइटवर उघड विकलं जायचं. मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं ती वेबसाइट जप्त केली.

दार कुणी उघडलं

सफाईआधी हा प्रश्न विचारायचा. दार तसंच उघडं राहिलं तर आठवड्याभरात दुसरा येऊन राहतो. आणि आपल्या उपनगरांतल्या घरांत बहुतेक वेळा हेर कडी तोडून येत नाही, आपणच त्याला चहाला बोलावलेलं असतं.

पहिलं दार म्हणजे क्रॅक. फुकटचं ऑफिस, फुकटचं फोटोशॉप, फुकटचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. अशा क्रॅकबरोबर सूचनांची एक फाइल येते आणि तिची पहिली ओळ साधारण ठरलेली : आधी अँटिव्हायरस बंद करा. चोरानं वॉचमनला चहा प्यायला पाठवण्यासारखंच हे, आणि आपण तो निरोप स्वतः जाऊन देतो.

दुसरं दार खास मराठी. मराठी टाइप करायला अनेकांनी गूगलचं ‘इनपुट टूल्स’ घातलं होतं. विंडोजवर नेटशिवाय चालणारी त्याची आवृत्ती गूगलनं केव्हाच बंद केली, पण सवय सुटत नाही. मग लोक ती शोधत भलत्या वेबसाइटवर जातात आणि तिथल्या हिरव्या ‘डाउनलोड’ बटणातून काहीही घेऊन येतात. फुकट फॉन्टांचीही तीच गोष्ट. खरं तर मे २०१९च्या अपडेटपासून विंडोज १०मध्येच मराठीचा ध्वन्यानुसारी कीबोर्ड आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा म्हणून मराठी जोडायची, बाहेरून काहीही आणायचं नाही. हे लोकांना कुणी सांगतच नाही!

तिसरं दार झेरॉक्सच्या दुकानाचं. दहावीच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला दिलेला पेन ड्राइव्ह त्या यंत्रात दिवसभरात शंभर जणांचे पेन ड्राइव्ह लागून गेल्यावर लागतो. घरी आणल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर त्यावर क्लिक करू नका. पीडीएफ ईमेलनं किंवा व्हॉट्सॲपनं पाठवा, हा साधा उपाय.

चौथं दार फोनवरून उघडतं. ‘तुमची वीज आज रात्री साडेनऊला कापली जाईल’ हा मेसेज आठवतो? मुलुंड-भांडुपकडे वीज महावितरणची, आणि असे मेसेज आपले नाहीत, हे महावितरणला २०२२मध्ये पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. त्या नंबरवर फोन केला की समोरचा अगदी अदबीनं एक ॲप घालायला सांगतो : एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट. ही ॲप्स स्वतः वाईट नाहीत, हजारो कंपन्या ती रोज वापरतात. पण त्यातला नऊ-दहा आकडी कोड परक्याला सांगितला की तुमचा पडदा त्याचा झाला. रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कबाबत बँकांना सावध केलं ते फेब्रुवारी २०१९मध्ये. कॉम्प्युटरवर याची बहीण म्हणजे निळा पडदा, भोंगा आणि ‘मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ऑक्टोबर २०२३मध्ये सीबीआयनं ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यात असा बनावट टेक सपोर्ट चालवणारेही होते.

काकांचं दार पहिल्या प्रकारचं निघालं. भाच्यानं थोडे दिवस आधी येऊन “काका, तुम्हाला पीडीएफ जोडायचं सॉफ्टवेअर टाकून देतो” म्हटलं होतं.

पहिला अर्धा तास

शंका आली की नेट तोडा. वायफाय बंद करा किंवा मागची केबल उपसा. हेराचं सगळं बळ बाहेर बोलण्यात आहे. यंत्र बंद करायची घाई नको. पडद्यावर विचित्र काही दिसत असेल तर मोबाइलनं फोटो काढून ठेवा, पुढे तक्रारीला उपयोगी पडतो.

त्या यंत्रावरून आता बँक, ईमेल, डिमॅट काहीही उघडायचं नाही. ‘लवकर पासवर्ड बदलून टाकतो’ म्हणून त्याच यंत्रावर बसणं ही मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची चूक. की-लॉगर चालू असेल तर नवा पासवर्डही त्याच्या वहीत जातो. पैसे गेल्याचा मेसेज आलेला असेल तर सफाई बाजूला ठेवा आणि थेट १९३० लावा, त्याबद्दल पुढे.

मग महत्त्वाच्या फाइली बाहेर काढायच्या. फोटो, पत्रं, एक्सेलच्या वह्या, टॅलीचा डेटा फोल्डर. प्रोग्राम आणि इन्स्टॉलर सोबत घ्यायचे नाहीत, घर बदलताना ढेकणांचा पलंगही कुणी नेत नाही. ज्या पेन ड्राइव्हवर हे घेतलंत तो सफाई होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही यंत्राला लावू नका.

सफाई, क्रमानं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण दिसणाऱ्या गोष्टी आधी काढल्या की तपासणीला कमी कचरा उपसावा लागतो आणि काय उरलं ते कळतं.

सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जा आणि ती तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय आलं? काकांच्या यादीत एकाच दुपारी चार प्रोग्राम आले होते : पीडीएफ जोडणारा, ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘पीसी ऑप्टिमायझर’ आणि नावावरून काहीच बोध न होणारा एक. चारही काढले. यंत्र ‘वेगवान’ करून देण्याचा दावा करणारे प्रोग्राम या यादीत दिसले तर फार विचार करू नका.

मग ब्राउझर. एक्स्टेन्शनच्या यादीतलं जे तुम्ही घातलेलं नाही ते काढा. नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिली आहे तेही पाहा, कारण कोपऱ्यात येणाऱ्या ‘व्हायरस सापडला’च्या पाट्या बऱ्याचदा तिथूनच येतात आणि त्यात स्पायवेअरचा काहीच संबंध नसतो. क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसलं तर थांबा. कंपनीच्या लॅपटॉपवर ते ठीक आहे. घरच्या यंत्राला कसली आली ऑर्गनायझेशन! कधीकधी अँटिव्हायरसमुळेही ही ओळ येते, पण पुष्कळदा कुणीतरी क्रोमवर आपले नियम लादलेले असतात, आणि ते असेपर्यंत ‘रीसेट’ केलं तरी तेच सर्चचं पान परत येतं.

आता सुरक्षा. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा, ‘मॅनेज सेटिंग्ज’वर क्लिक करा आणि पान अगदी तळापर्यंत सरकवा. तिथे ‘एक्सक्लूजन्स’ आहे, म्हणजे डिफेंडरनं कुठे पाहायचं नाही त्याची यादी. घरच्या यंत्रात ती रिकामी असायला हवी. काकांच्या यंत्रात तिथे एकच ओळ होती. सी, अपूर्णविराम, तिरकी रेघ. म्हणजे अख्खा सी ड्राइव्ह. वॉचमन गेटवर इमानानं बसला होता, फक्त इमारतीकडे पाहू नकोस असं त्याला सांगून ठेवलेलं. पहिल्या संध्याकाळची हिरवी खूण ती अशी आली होती.

ती ओळ काढली, नेट दहा मिनिटं जोडून डिफेंडरच्या नोंदी अद्ययावत केल्या, पुन्हा नेट तोडलं आणि ‘फुल स्कॅन’ लावला. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याला दोन-तीन तासही लागतात. रात्रीचं जेवण झालं, क्रिकेटची मॅच संपली, तेव्हा पडद्यावर सात नोंदी लाल झाल्या होत्या.

एवढ्यावर थांबायचं नाही. विंडोज चालू असताना काही हेर स्वतःला लपवू शकतात. त्यासाठी ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज जागं होण्याआधीच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटांचं काम. ते सुरू करण्याआधी उघड्या फाइली सेव्ह करा. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं सांकेतिक कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून उतरवून कागदावर लिहून ठेवा. हे मी अनुभवानं सांगतो आहे, तपशील विचारू नका.

दुसरं मत घ्यायला हरकत नाही. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती आणि त्याच कंपनीचं एडब्ल्यूक्लीनर ब्राउझरमधला कचरा डिफेंडरपेक्षा कडकपणे काढतात. पण कायमचे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात. मुदत संपलेला अँटिव्हायरस तर काढूनच टाका. तो काम करत नाही आणि पुष्कळदा डिफेंडरलाही करू देत नाही.

शेवटी मुळं. हेर काढला आणि सकाळी तो परत हजर झाला, तर कुठेतरी त्याला रोज बोलावणारी चिठ्ठी शिल्लक आहे. टास्क मॅनेजरमधली ‘स्टार्टअप’ची यादी ही पहिली जागा, ‘टास्क शेड्यूलर’ ही दुसरी. काकांच्या शेड्यूलरमध्ये गूगलच्या अपडेटसारखं नाव घेतलेलं एक काम दर दहा मिनिटांनी चालत होतं आणि त्याची फाइल ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये होती. गूगलचा खरा अपडेटर तिथे राहत नाही. नाव कुणीही घेऊ शकतं, पत्ता तपासायचा. ज्यांना थोडं खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ हे फुकट साधन आहे. विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारी प्रत्येक गोष्ट ते एका यादीत मांडतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून उरलेल्या पाहा. शंकास्पद फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर चढवली तर डझनावारी अँटिव्हायरस काय म्हणतात ते दिसतं. तिथे सोसायटीची किंवा बँकेची कागदपत्रं मात्र चढवायची नाहीत, ती इतरांच्या हाती जाऊ शकतात.

जाता जाता प्रॉक्सीची सेटिंग्ज आणि राउटरचा पासवर्ड पाहून घ्या. केबलवाल्यानं राउटर बसवताना ठेवलेला ‘ॲडमिन’ अजून तसाच असेल तर आजच बदला.

अंधेरीतलं एक प्रकरण

अँटिव्हायरस घातला म्हणजे झालं, असं वाटणाऱ्यांसाठी हे मुद्दाम. अंधेरी पूर्वेला मरोळच्या एमआयडीसीत मायक्रोवर्ल्ड ही कंपनी आहे, ‘ई-स्कॅन’ हा अँटिव्हायरस तिचा. एप्रिल २०२४मध्ये अव्हास्ट या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी ‘गुप्तीमायनर’ नावाच्या मोहिमेचा अहवाल प्रसिद्ध केला. ई-स्कॅनचे अपडेट तेव्हा कुलूपबंद नसलेल्या साध्या एचटीटीपी मार्गानं येत होते. हल्लेखोर वाटेत उभे राहिले, खरं अपडेट बाजूला ठेवून आपलं पुडकं पुढे सरकवलं, आणि अँटिव्हायरसनंच ते आत नेऊन बसवलं. त्यातून मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांत चोरदारं बसली, आणि एवढा खटाटोप करून शेवटी क्रिप्टो चलन खणणारा प्रोग्रामही. उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या एका गटाचा यात हात असण्याची शक्यता संशोधकांनी मांडली. अव्हास्टनं ई-स्कॅनला आणि सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवलं, आणि जुलै २०२३मध्ये त्रुटी दुरुस्त झाल्याचं कंपनीनं सांगितलं.

यावरून ई-स्कॅन वाईट ठरत नाही. अपडेटच्या वाटेवर घाला जगात इतरांवरही पडलेला आहे. पण यंत्रात सर्वांत मोठा अधिकार अँटिव्हायरसला असतो, म्हणून तो कुठून उतरवता याला किंमत आहे. अँटिव्हायरसचा क्रॅक घालणाऱ्यांना तर काय म्हणावं!

सरकारचीही एक सोय आहे, कमी लोकांना ठाऊक असलेली. सर्ट-इनचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २१ फेब्रुवारी २०१७ला सुरू झालं. तिथे सफाईची साधनं फुकट मिळतात, आणि ती देणाऱ्यांत मरोळचं ई-स्कॅन आहे तसं पुण्याचं क्विक हीलही. क्विक हीलची जन्मकथा या लेखात चपखल बसते. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणारी यंत्रं व्हायरसनं भरलेली असत. त्यांनी धाकटा भाऊ संजय यांना त्यावर प्रोग्राम लिहायला लावलं, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचं नाव २००७मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. म्हणजे दुरुस्तीवाल्याला फॉरमॅट मारण्यापलीकडेही काही सुचू शकतं.

फॉरमॅट कधी मारायचा

दुकानदार दर वेळी चुकीचाच असतो असं नाही. कुणी परक्यानं दुरून यंत्र वापरलं असेल, सफाईनंतरही हेर दोनदा परत आला असेल, डिफेंडर सुरूच होत नसेल, तर खुशाल फॉरमॅट मारा. तपासणीनं सापडलं ते गेलं, हे खात्रीनं सांगता येतं. न सापडलेलं काही राहिलं नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

पण दोन अटी. फाइली आधी बाहेर काढायच्या. आणि विंडोज दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवरून घालायचं नाही, कारण त्या पेन ड्राइव्हवर बहुधा क्रॅक केलेलं विंडोज असतं आणि फिरून आपण पहिल्या दारापाशी येतो. सेटिंग्जमधल्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि मग ‘क्लाउड डाउनलोड’ निवडलं की विंडोज थेट मायक्रोसॉफ्टकडून येतं. नाहीतर दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर, मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून, ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर स्वतः उतरवा. लायसन्स एकदा डिजिटल झालं असेल तर त्याच यंत्रावर ते पुन्हा लागू होतं, नवं विकत घ्यायची गरज नसते.

दुकानदारालाच काम द्यायचं असेल तरी समोर बसा. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊन घरी जाऊ नका.

चोरीला गेलेल्या किल्ल्या

यंत्र स्वच्छ झालं तरी जी माहिती बाहेर गेली ती परत येत नाही. सफाईचा हा उत्तरार्ध आहे आणि तो दुसऱ्या यंत्रावर करायचा, मोबाइलवर चालेल.

पहिला नंबर ईमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ‘विसरलो’ म्हटलं की तिथेच येतात. पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ करा. हे दुसरं पाऊल लोक विसरतात, आणि चोरलेली कुकी त्यानेच मरते. मग ईमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर पाहा. काकांच्या खात्यात एक फिल्टर सापडला : ज्या पत्रात ‘पासवर्ड’ किंवा ‘सिक्युरिटी’ हा शब्द असेल ते थेट कचऱ्यात. जीमेलनं इशारे पाठवले होते, काकांपर्यंत एकही पोहोचला नव्हता. रिकव्हरीचा फोन नंबर आपलाच आहे ना, तेही त्याच पानावर पाहून घ्या.

त्यानंतर बँक, डिमॅट, मग बाकीचे. दुपदरी पडताळणी जिथे मिळते तिथे लावा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पुसा. चाळीस सभासदांना काकांनी व्हॉट्सॲपवर एकच ओळ लिहिली, ‘ती झिप फाइल उघडू नये, माझी नाही’. सेक्रेटरींचं उत्तर आलं, ‘मी उघडली’. त्यामुळे तिसरी संध्याकाळ बी विंगमध्ये गेली.

हेर घरातलाच असेल तर

यावर बोलणं अवघड जातं, पण कुजबुज सगळीकडे असते. नवरा, सासरा, भाऊ, क्वचित आईवडील. कुणीतरी ‘काळजीपोटी’ लक्ष ठेवणारा प्रोग्राम घातलेला असतो. कधी प्रोग्रामही नसतो. कीबोर्डची वायर आणि सीपीयू यांच्यामध्ये पेराएवढा एक तुकडा लावलेला असतो, तो कळा टिपतो आणि कुठलाही अँटिव्हायरस त्याला सहसा पकडू शकत नाही. तेव्हा मागची बाजू टॉर्चनं पाहून घ्या.

असा संशय असेल तर मात्र वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. घाईघाईनं काढून टाकलं तर ठेवणाऱ्याला ते लगेच कळतं, आणि त्रास देणारं माणूस असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं. पुरावाही जातो. आधी मैत्रिणीच्या फोनवरून वकिलाशी किंवा महिला हेल्पलाइन १८१वर बोला. नातं असलं म्हणून कायदा सूट देत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये असा प्रोग्राम घालणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये बसतं, आणि अप्रामाणिक हेतूनं केलं असेल तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तक्रार

पैसे गेले असतील तर १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. नंबर फिरवताना खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकायला मिळालं तर पोर्टलवरच्या तक्रारीचा क्रमांक दाखवा.

बँकेलाही त्याच दिवशी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्हीकडे घड्याळ चालू असतं, त्यामुळे ‘उद्या शाखेत जाऊन बोलू’ हे महागात पडतं.

काकांच्या यंत्राचं पुढे

पैसे गेले नव्हते. डिमॅटचा पासवर्ड काकांनी ब्राउझरमध्ये न ठेवता भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं लिहिला होता, आणि सुरक्षातज्ज्ञ काहीही म्हणोत, कॅलेंडरच्या मागचं वाचणारं स्पायवेअर अजून निघालेलं नाही.

यंत्रात आम्ही दोन खाती केली. ॲडमिनचं एक, ज्याचा पासवर्ड काकूंकडे. रोजच्या वापराचं दुसरं, साधं. त्यावरून काहीही नवं घालायचं म्हटलं की ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. काकांच्या जुन्या मदरबोर्डवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली. ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत चालेल. तोवर नवं यंत्र घ्यायचं असं ठरलं आहे. हिशेबांची एक प्रत दर रविवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाते आणि डिस्क लगेच काढून गोदरेजच्या कपाटात.

यंदाच्या दिवाळीत भाचा परत आला. “काका, एक मस्त सॉफ्टवेअर आहे,” म्हणून त्यानं पेन ड्राइव्ह काढला. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आधी फराळ कर.”